चिंपांझीचे वर्तन आणि त्याच्या वर्णनाची भाषा

अरण्यातील चिंपांझीचे अखंड निरीक्षण सुरू होऊन साठांहून अधिक वर्षे लोटली आहेत. या अवधीत त्या प्राण्याविषयीचे मानवी मत एकसारखे राहिलेले नाही. १९६० च्या सुमारास तो फलाहारी, निरुपद्रवी व काहीसा गमत्या वनचर मानला जात असे. पुढे पंधरा-वीस वर्षांतच त्याच्या नावाशी 'युद्ध' आणि 'खून' हे शब्द जोडले गेले. शतक संपता संपता त्याला 'संस्कृती' आहे काय, या प्रश्नावर विद्वानांत वाद माजला. या काळात चिंपांझी स्वतः फारसा बदलला असेल असे मानण्यास आधार नाही. त्याच्याविषयी कळलेल्या गोष्टी वाढल्या, हे खरे. परंतु तेवढ्याने मतांतराचा पुरता उलगडा होत नाही. निरीक्षण आणि मत यांच्यामध्ये शब्दांची एक पायरी असते, आणि प्राणिशास्त्रज्ञ ती बहुधा नकळत ओलांडून जातात. भाषेच्या अभ्यासकाने मात्र तेथे थोडे थांबणे युक्त होईल.

प्रथम नावाचाच विचार करावा. 'चिंपांझी' हा शब्द मध्य आफ्रिकेच्या पश्चिम भागातील बांटू भाषांतून अठराव्या शतकात युरोपीय भाषांत आला व तेथून मराठीत उतरला. तत्पूर्वी, १६९९ मध्ये, एडवर्ड टायसन या इंग्रज वैद्याने एका चिंपांझीचे शवविच्छेदन करून ग्रंथ प्रसिद्ध केला. पण त्या प्राण्याला त्याने 'ओरांग-उटांग', म्हणजे मलाय भाषेतील 'अरण्यातला माणूस', असे नाव दिले. शास्त्रीय नामकरणात याच्या उलट झाले. प्रजातीचे नाव पडले पॅन, म्हणजे ग्रीकांचा अर्धा माणूस व अर्धा बोकड असा वनदेव. आणि जातीचे नाव पडले 'गुहावासी' या अर्थाचे. चिंपांझी गुहेत राहत नाही, झाडावर फांद्यांचे घरटे करून झोपतो. (सेनेगलमधील फोंगोली येथील चिंपांझी कडक उन्हाळ्यात गारव्यासाठी गुहांचा आश्रय घेतात, असे जिल प्रुएट्झ यांना पुढे आढळले, म्हणजे चुकीचे नाव एका ठिकाणापुरते खरे ठरले.) माणूस की वनचर, ही द्विधा आपल्याकडच्या 'वानर' शब्दाभोवतीही आहेच. 'वा नरः', म्हणजे 'हा नर तर नव्हे?', ही लोकांनी बसविलेली व्युत्पत्ती व्याकरणदृष्ट्या टिकणारी नाही. शब्दाचा संबंध 'वन' शब्दाशीच जोडला जातो. परंतु ती खोटी व्युत्पत्ती इतकी लोकप्रिय का झाली, हा प्रश्न खऱ्या व्युत्पत्तीहून अधिक उद्बोधक आहे.

टांगानिका सरोवराच्या पूर्व किनाऱ्यावरील गोंबे या ठिकाणी जेन गुडॉल जुलै १९६० मध्ये पोहोचल्या. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. मानववंशाचे संशोधक लुई लीकी यांनी त्यांना पाठविले ते, रूढ सिद्धान्तांचे ओझे नसलेला निरीक्षक हवा, या हेतूने. त्यांनी प्रत्येक चिंपांझीला नाव दिले : डेव्हिड ग्रेबियर्ड, फ्लो, फिफी, फिगन. जपानी संशोधकांनी आपल्या देशातील माकडांना त्याआधीच नावे दिली होती व त्यात त्यांना काही वावगे वाटले नव्हते. पाश्चात्त्य विद्वानांना मात्र क्रमांकच शास्त्रशुद्ध वाटत. गुडॉल यांनी आपला पहिला शोधनिबंध न्यूयॉर्कच्या एका विद्वत्परिषदेच्या नियतकालिकाकडे पाठविला, तेव्हा संपादकांनी चिंपांझीसाठी योजलेली पुंल्लिंगी व स्त्रीलिंगी सर्वनामे खोडून सर्वत्र निर्जीव वस्तूचे सर्वनाम घातले. व्यक्तिवाचक संबंधी सर्वनामाचीही तीच गत केली. गुडॉल यांनी रागाने ती दुरुस्ती खोडून मूळ शब्द पुन्हा लिहिले, आणि अखेर ते तसेच छापले गेले. ही हकीकत त्यांनी स्वतःच नमूद केली आहे.

मराठीत हा तंटा याच जागी उद्भवला नसता. मराठीत 'माकड' नपुंसकलिंगी आहे. पण 'मूल' आणि 'लेकरू' हेही नपुंसकलिंगीच आहेत. 'ते' म्हटल्याने कोणी वस्तू ठरत नाही. 'जो, जी, जे' या संबंधी सर्वनामांतही माणूस व इतर असा भेद नाही. परंतु भेद मराठीत नाहीच, असे समजणे चुकीचे होईल. तो दुसऱ्या ठिकाणी लपलेला आहे. एक स्थान प्रश्नार्थक सर्वनामाचे. झुडपात सळसळ झाली असता 'काय आहे?' असे विचारणारा आणि 'कोण आहे?' असे विचारणारा, या दोघांची अपेक्षा वेगळी असते. दुसरे स्थान प्रयोगाचे. 'तिने एक चिंपांझी पाहिला' हा कर्मणी प्रयोग सहज होतो. पण प्राण्याला नाव दिले, की 'तिने डेव्हिड पाहिला' हे मराठी कानाला खटकते. 'तिने डेव्हिडला पाहिले' असा भावे प्रयोगच करावा लागतो. 'तिने एक वाघ पाहिला' चालते, 'तिने गोविंदा पाहिला' चालत नाही, त्यातलाच हा प्रकार. नाव देणे हे केवळ लाडाचे कृत्य नव्हे. त्या नावाने वाक्याची घडण बदलते, आणि नाव धारण करणारा प्राणी मोजण्याच्या वस्तूंतून उठून माणसांच्या पंगतीला येऊन बसतो. गुडॉल यांच्या टीकाकारांना जी भीती वाटत होती, ती या अर्थाने अगदी निराधार नव्हती. त्यांची चूक एवढीच, की क्रमांक दिल्याने निरीक्षक निःपक्षपाती होतो असे त्यांनी गृहीत धरले. क्रमांकालाही स्वतःचा पक्षपात असतो.

नोव्हेंबर १९६० मध्ये डेव्हिड ग्रेबियर्ड वारुळाच्या छिद्रात गवताची काडी घालून, तिला चिकटलेली वाळवी ओठांनी टिपून खाताना दिसला. पानांची डहाळी ओरबाडून साफ करून तिची काडी बनविल्याचेही पुढे दिसून आले. त्या काळी माणसाची व्याख्याच 'साधने बनविणारा प्राणी' अशी केली जात असे. केनेथ ओकली यांचे या विषयावरील प्रसिद्ध पुस्तक १९४९ चे. ही वार्ता कळताच लीकी यांनी तारेने जो अभिप्राय कळविला त्याचा आशय असा, की आता साधनाची व्याख्या बदलावी लागेल, माणसाची बदलावी लागेल, नाहीतर चिंपांझीला माणूस म्हणावे लागेल. अभिप्राय चमकदार आहे, परंतु त्यातील तिन्ही पर्याय भाषेविषयीचे आहेत, चिंपांझीविषयीचा एकही नाही, हे ध्यानात येण्यास वेळ लागतो. मराठीत येथे आणखी एक अडचण आहे. सुताराचे ते 'हत्यार' आणि मारेकऱ्याचेही ते 'हत्यारच'. वाळवीच्या काडीला हत्यार म्हणवत नाही. 'अवजार' म्हटले तर शेत आणि लोहार डोळ्यांपुढे उभे राहतात. म्हणून 'साधन' हा निर्गुण शब्द पत्करावा लागतो. फोंगोलीचे चिंपांझी काठीचे टोक दातांनी निमुळते करून झाडाच्या ढोलीतील लहान निशाचर प्राण्यांना भोसकतात, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा वर्तमानपत्रांनी 'भाला' हा शब्द उचलला. एका शब्दासरशी भूक मागे पडली आणि रण पुढे आले.

याहून गंभीर उदाहरण गोंबेतीलच आहे. १९७० नंतर तेथील मोठ्या टोळीत फूट पडून दक्षिणेकडे कहामा नावाची निराळी टोळी झाली, उत्तरेकडची कसाकेला. जानेवारी १९७४ मध्ये कसाकेलाच्या नरांनी गोडी या एकट्या सापडलेल्या कहामा नराला गाठून मरणप्राय मारले. पुढील चार वर्षांत कहामाचे नर एकामागून एक मारले गेले अथवा नाहीसे झाले आणि ती टोळी संपली. याच सुमारास पॅशन नावाची मादी व तिची मुलगी यांनी स्वतःच्याच टोळीतील माद्यांची पिल्ले हिसकावून खाल्ली. या घटनांवर फार भर देऊ नये, असे काही सहकाऱ्यांनी गुडॉल यांना सुचविले होते. मानवी हिंसा ही वंशपरंपरेने आलेली व म्हणून अटळ आहे, असा निष्कर्ष लोक काढतील, ही त्यामागची भीती. गुडॉल यांनी घटना प्रसिद्ध केल्या, आणि भीतीही खरी ठरली. 'गोंबेचे चार वर्षांचे युद्ध' हा शब्दप्रयोग रूढ झाला. १९९६ मध्ये रिचर्ड रँगहम व डेल पीटरसन यांच्या पुस्तकाने पुरुषी हिंसेची मुळे चिंपांझीपर्यंत नेऊन भिडविली. उलटपक्षी मार्गारेट पॉवर यांनी १९९१ मध्येच असे प्रतिपादिले होते, की गोंबेत संशोधकांनी केळी घालून चिंपांझींना एका जागी जमविल्यामुळे हे विकृत वर्तन उपजले.

हा वाद मिटविण्याचा मोठा प्रयत्न मायकेल विल्सन व त्यांच्या अनेक सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये केला. चिंपांझींच्या १८ टोळ्यांची नोंद त्यांनी एकत्र केली. त्यांत १५२ मृत्यू इतर चिंपांझींच्या हातून झाल्याचे आढळले, अनुमानिले गेले किंवा त्याचा संशय घेण्यात आला. पैकी प्रत्यक्ष पाहिलेले ५८. सुमारे दोन-तृतीयांश बळी परक्या टोळीतील होते, आणि हल्लेखोर व बळी यांचे सर्वसाधारण प्रमाण आठास एक असे होते. मानवी ढवळाढवळ जेथे अधिक तेथे हत्या अधिक, असे काही दिसले नाही. तेव्हा केळ्यांचा सिद्धान्त मोठ्या प्रमाणात निकालात निघाला असे म्हणण्यास हरकत नाही. पण 'युद्ध' हा शब्द त्याने सिद्ध होतो काय?

आठांनी एकाला गाठावयाचे, तेही सरहद्दीवरून चोरपावलांनी, आवाज न करता, आणि समोर तोलामोलाची टोळी दिसताच परत फिरावयाचे, याला मराठीत युद्ध म्हणत नाहीत. युद्धात दोन सज्ज पक्ष अपेक्षित असतात. 'छापा' हा शब्द वस्तुस्थितीला अधिक जवळचा आहे. 'गनिमी कावा' त्याहूनही नेमका बसेल, परंतु तो उच्चारताच मराठी मनात कौतुक दाटून येते. तो शब्द येथे निरुपयोगी आहे. मारण्याला तर आपल्या भाषेत शब्दांची रेलचेल : वध, हत्या, खून, शिकार, बळी. वधाला न्यायाचे अधिष्ठान असते, हत्येला पाप लागते, खुनाला फौजदारी कलम लागते, शिकारीत मारणारा व मरणारा एका जातीचे नसतात. गोडीच्या मृत्यूला यांतला कोणताही शब्द लावला, तरी त्याबरोबर एक निवाडा येतो. २०१४ च्या निबंधाच्या कर्त्यांनी 'प्राणघातक आक्रमण' असा रुक्ष शब्द पत्करला. तो रुक्ष आहे म्हणूनच बरा. ज्या वर्तनाची कारणे अद्याप शोधावयाची आहेत, त्याला आधीच कारणगर्भ नाव देऊन ठेवणे हे शास्त्राच्या दृष्टीने घाईचे होय.

बिरबलाच्या गोष्टीतील माकडीण येथे सहज आठवते. हौदातील पाणी नाकापर्यंत चढताच ती पिल्लाला पायाखाली घालून त्यावर उभी राहते. आईच्या मायेलाही सीमा असते, हे ठसविण्यासाठी पिढ्यान् पिढ्या ही गोष्ट सांगितली गेली, आणि मुकी माकडीण साक्षीला उभी केली गेली. गिनी देशातील बोसू येथे १९९२ मध्ये जिरे नावाच्या मादीचे पिल्लू श्वसनाच्या विकाराने मेले. ते शुष्क होऊन त्याची ममी झाली, तरी ती त्याला पाठीवर वागवीत होती, त्यावरच्या माशा हाकलीत होती. २००३ च्या साथीत पुन्हा तेच घडले : दोन मातांनी मृत पिल्ले वाहिली, एकीने १९ दिवस व जिरेने ६८ दिवस. याला 'शोक' म्हणावे काय, याविषयी अभ्यासक सावध आहेत. ते योग्यच आहे. मात्र हौदातल्या माकडिणीला 'स्वार्थ' चिकटविताना असा सावधपणा कोणी दाखविला नव्हता. शब्दाबाबतची कसोटी प्रेमाला कडक व दुष्टतेला सैल, असे होऊन चालणार नाही.

'संस्कृती' या शब्दाचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. १९९९ मध्ये अँड्र्यू व्हाइटन व सहकाऱ्यांनी सात ठिकाणची निरीक्षणे ताडून पाहिली, आणि ३९ वर्तनप्रकार असे काढले, की जे काही टोळ्यांत रूढ आहेत, तर अन्यत्र परिस्थिती अनुकूल असूनही आढळत नाहीत. आयव्हरी कोस्टच्या ताई अरण्यातील चिंपांझी दगडाने कठीण कवचाची फळे फोडतात. गोंबेत दगड आहेत, पण ही रीत नाही. ताई येथेच उत्खननात सापडलेले असे दगड सुमारे ४३०० वर्षांपूर्वीचे असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ निबंधातील इंग्रजी संज्ञेचे भाषांतर आपण 'संस्कृती' असे करतो, आणि लगेच वाचक बिचकतो. कारण मराठी शब्दात संस्कार आहे, उन्नयन आहे. 'चालरीत' म्हटले असते तर कोणी बिचकले नसते, आणि वादही पेटला नसता. इंग्रजीतील वादाचा बराचसा दाहही अशाच अर्थच्छटेतून आला आहे.

भाषाशास्त्राला जवळचा असा याच क्षेत्रातील भाग म्हणजे चिंपांझींचे संकेतन. १९६६ पासून वॉशो व पुढे निम या पाळलेल्या चिंपांझींना मुक्यांची खुणांची भाषा शिकविण्याचे प्रयोग झाले. निमच्या खुणांत वाक्यरचना नाही, असा निष्कर्ष हर्बर्ट टेरेस यांनी १९७९ मध्ये काढल्यावर तो उत्साह ओसरला. अरण्यातील संशोधनाने प्रश्नच बदलला. माणसाची भाषा त्याला किती येते, हे विचारण्याऐवजी तो आपसांत काय करतो, हे पाहिले जाऊ लागले. युगांडातील बुडोंगो अरण्यात विषारी साप दिसलेला चिंपांझी, ज्या सोबत्याला साप ठाऊक नाही त्याच्या उपस्थितीत अधिक वेळा इशारा देतो, असे कॅथरीन क्रॉकफर्ड व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखविले. ताई येथील ४६ प्रौढांचे ४८२६ ध्वनिमुद्रित नमुने तपासता त्यांत ३९० निरनिराळे ध्वनिक्रम मिळाले (२०२२). क्रम आहेत म्हणून व्याकरण आहे, असे म्हणता येत नाही. क्रम बदलता अर्थ बदलतो हे दाखवावे लागेल. तरीपण 'चीत्कार' या एका शब्दात सर्व काही गुंडाळण्याचे दिवस गेले.

येथवरचा विचार दूर राहून वाचणाऱ्यांचा झाला. त्यांचे मत किती ठिसूळ पायावर उभे असते, याचे एक उदाहरण पुरे. अमेरिकेतील एका पाहणीत गोरिला व ओरांगउटान हे नष्ट होण्याच्या मार्गावर आहेत, हे नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना ठाऊक होते. चिंपांझीबाबत ते केवळ ६६ टक्के लोकांना वाटत होते. जाहिरातींत व चित्रपटांत कपडे घालून दात विचकणारा प्राणी सगळीकडे दिसतो, तेव्हा तो विपुल असलाच पाहिजे, असे लोक धरून चालत होते. ही पाहणी २००८ मध्ये स्टीफन रॉस व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. विचकलेले दात हे चिंपांझीत बहुधा हास्याचे नसून भीतीचे लक्षण असते, ही गोष्ट तर त्यांतील फारच थोड्यांना माहीत असावी.

ज्यांच्या कुंपणापलीकडे चिंपांझी राहतो, त्यांची गोष्ट निराळी. पश्चिम युगांडातील बुलिंडी या गावी मॅथ्यू मॅक्लेनन व कॅथरीन हिल यांनी केलेला अभ्यास या दृष्टीने महत्त्वाचा आहे. तेथे ओढ्याकाठच्या अरण्याचे तुकडे उरले आहेत, त्यांत चिंपांझींची एक लहान टोळी. बन्योरो लोक वानरवर्गीय प्राणी खात नाहीत. पूर्वी चिंपांझी क्वचितच दिसत व माणसाला बिचकत, असे गावकरी सांगत. लाकडासाठी व शेतीसाठी झाडी तुटत गेली, तसे ते उसात, आंब्यावर व फणसावर येऊ लागले. माणसाच्या मागे धावू लागले, मुले भिऊ लागली. फणसाचे झाड मूळचे आपल्या सह्याद्रीच्या परिसरातले. तेथे ते घरालगत लावले जाते, आणि पिकलेल्या फणसाच्या वासाने चिंपांझी थेट अंगणात येतो. काही शेतकऱ्यांनी पोलादी दात्यांचे सापळे लावले. त्यांत चिंपांझींचे हात चिरडले. गावकऱ्यांचे मत बदलले ते कोणा ग्रंथामुळे नव्हे. शेजाऱ्याचे वर्तन खरोखरीच बदलले होते, आणि त्याचे कारण झाडतोड आहे, हेही त्यांतील अनेक जण जाणून होते.

अशा प्रसंगी संशोधकांच्या लेखनात दीर्घ काळ 'पिकांवर धाड' असा शब्दप्रयोग होता. धाड घालणारा तो दरोडेखोर; त्याच्या समूहाला मराठीत 'टोळी' म्हणावे, तर तीही दरोडेखोरांचीच. हिल व इतर काही अभ्यासकांनी या संज्ञेवर आक्षेप घेतला, आणि 'पिके खाणे' असा साधा प्रयोग आता अधिक आढळतो. कोकणात माकडांच्या उपद्रवाने भाजीपाला व नारळ सोडून द्यावे लागलेल्या शेतकऱ्याला ही शब्दशुद्धी थट्टेची वाटेल. त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. संज्ञा सौम्य केल्याने नुकसान भरून येत नाही. परंतु 'चोर' म्हटले की उपाय बंदुकीकडे झुकतो, आणि 'भुकेला' म्हटले की झाडीकडे. एवढा फरक शब्दाने पडतोच.

गिनी-बिसाऊतील कांतान्येझ येथील नालू लोकांची या बाबतीतली योजना मोठी सूक्ष्म आहे. रानातला खरा चिंपांझी वेगळा, आणि चेटक्याने धारण केलेले चिंपांझीचे रूप वेगळे, असे ते मानतात. माणसावर हल्ला झाला, तर तो दुसऱ्या प्रकारच्याने केला, असे ठरू शकते. या भेदाला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु एका प्राण्याच्या कृत्याचा दोष साऱ्या जातीवर जाऊ नये, अशी सोय त्यात आहे, आणि गावातील माणसामाणसांमधले तंटेही त्याच भाषेत बोलले जातात. जोआना सोझा व त्यांच्यासह काम करणाऱ्या अभ्यासकांनी ही गुंतागुंत नोंदविली आहे.

बोसूच्या मानोन लोकांत चिंपांझी हे पूर्वजांचे आश्रयस्थान मानले जात आले आणि गावालगतची ग्बान ही टेकडी पवित्र म्हणून राखली गेली. त्या श्रद्धेमुळेच तेथील चिंपांझी टिकले, आणि १९७६ पासून जपानी संशोधकांना तेथे काम करता आले. रस्ता ओलांडताना प्रौढ नर पुढे व मागे राहतात, फासे ओळखून मोडतात, शेतातील पपई पळवून नर ती मादीला देतात, या साऱ्या नोंदी तेथल्याच. २००३ च्या साथीत पाच चिंपांझी दगावले. नंतर संख्या घटत एक आकडी झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये एका चिंपांझीने आईजवळून तान्हे मूल उचलून नेऊन मारल्याची वार्ता आली, आणि संतप्त जमावाने तेथील संशोधन केंद्रावर चाल करून सामग्रीची मोडतोड केली. पूर्वजाचे नाते मानणारे गाव त्या दिवशी कोणत्या शब्दाने चिंपांझीविषयी बोलत होते, हे बाहेरच्या वृत्तपत्रांत आले नाही. पश्चिम आफ्रिकेतील चिंपांझींची संख्या १९९० ते २०१४ या काळात सुमारे ८० टक्क्यांनी घटली. यॉल्मार क्यूल यांच्या गटाने २०१९ मध्ये १४४ टोळ्यांतील ३१ वर्तनप्रकार तपासले असता, मानवी वावर जेथे सर्वाधिक तेथे ते वर्तन आढळण्याची शक्यता सरासरीने ८८ टक्क्यांनी कमी दिसली. बोलीच्या ऱ्हासाची नोंद ठेवणाऱ्यांना ही आकृती ओळखीची वाटेल : प्रथम बोलणारे विखुरतात, मग रीत शिकविणारे वडीलधारे उरत नाहीत. बोसूत कवचाची फळे दगडाने फोडण्याची कला पिल्लू तीन ते पाच वर्षे आईच्या हाताकडे पाहून शिकते.